कॉपीराइट आणि पेटंट कायद्यातल्या सुधारणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावरच्या बातम्या मथळ्यांतून कळतात, आणि मथळ्यात 'ऐतिहासिक निकाल' किंवा 'लेखकांवर अन्याय' एवढंच मावतं. खालचे प्रश्न शिकवणाऱ्यांकडून, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडून, व्हिडिओ टाकणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येतात. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. हा कायदेशीर सल्ला नाही. तुमच्या प्रकरणात पैसा किंवा नोटीस गुंतलेली असेल तर सरळ वकील गाठा.

कॉपीराइट आणि पेटंट यांत नेमका फरक काय?

समजा, कोणी नव्या पद्धतीचा पंप बनवला आणि तो कसा वापरायचा याची पुस्तिका लिहिली. पुस्तिकेतल्या मजकुरावर आणि चित्रांवर कॉपीराइट. पंप ज्या युक्तीने चालतो तिच्यावर पेटंट, तेही मागितलं आणि मिळालं तर.

कॉपीराइट लिहिल्या क्षणी मिळतो. बर्न करार १८८६ चा. त्याच्या १९०८ च्या दुरुस्तीपासून सदस्य देशांना परदेशी लेखकांवर नोंदणीची अट घालता येत नाही. पेटंटचं तसं नाही. अर्ज करायचा, तपासनीसाच्या शंका फेडायच्या, फी भरत राहायची, आणि अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांनी हक्क संपतो. आणखी एक फरक बरेचजण विसरतात. दोघांनी एकमेकांचं न पाहता सारखीच ओळ लिहिली तर दोघंही आपापल्या ओळीचे मालक. पेटंटमध्ये मात्र दुसऱ्याने स्वतःच्या डोक्याने तीच युक्ती शोधली तरी त्याला ती वापरता येत नाही. म्हणूनच पेटंटची मुदत छोटी आणि तपासणी कडक असायला हवी. मुदतीचं जमलं आहे, तपासणीचं सगळीकडे जमलेलं नाही.

'सुधारणा' म्हणतात तेव्हा कायद्यात बदलतं काय?

विधेयकाची पानं शंभर असोत की दहा, वाचताना मी एकच गोष्ट शोधतो: विचारायचं कोणी? वापरणाऱ्याने आधी परवानगी मागायची, की मालकाने येऊन 'माझं वापरू नका' म्हणायचं? पेटंट बळकट आहे हे अर्जदाराने सिद्ध करायचं, की ते पोकळ आहे हे विरोधकाने? हे ओझं इकडून तिकडे सरकलं की पैसाही त्याच्या मागोमाग सरकतो. 'समतोल', 'नवोन्मेष', 'निर्मात्यांचा सन्मान' हे शब्द दोन्ही बाजूंच्या निवेदनांत सारखेच सापडतात, त्यावरून काही कळत नाही.

दुसरं म्हणजे, सुधारणा संसदेतच होते असं नाही. गेल्या वीस वर्षांतले बरेच मोठे बदल न्यायालयांनी केले आहेत, आणि काही तर व्यापार करारांच्या परिशिष्टांतून आले आहेत, जिथे त्यांची चर्चा झालीच नाही.

कॉपीराइटची मुदत वाढतच का जाते? ती कधी कमी झाली आहे का?

सुरुवात फार माफक होती. ब्रिटनच्या १७१० च्या कायद्याने १४ वर्षं दिली, आणि लेखक तोवर जिवंत असेल तर आणखी १४. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांचं म्हणणं होतं की हा कायदा राहू द्या, पण त्याच्याही आधीपासूनचा परंपरेने आलेला आमचा हक्क कायमचा आहे. १७७४ मध्ये ब्रिटनच्या वरिष्ठ सभागृहाने तो दावा फेटाळला. छापलेलं पुस्तक एक ना एक दिवस सगळ्यांचं होतं, हे तत्त्व तेव्हा पक्कं झालं. मुदतीला बसलेला एवढा मोठा लगाम मला त्यानंतर दिसलेला नाही.

पुढचा प्रवास एकाच दिशेचा आहे. अमेरिकेने १७९० मध्ये १४ अधिक १४ वरून सुरुवात केली. १९७६ च्या कायद्याने ती लेखकाचं आयुष्य अधिक ५० वर आली. १९९८ मध्ये आणखी २० वर्षं जोडली, आणि कंपनीच्या नावावरच्या कामांसाठी प्रकाशनापासून ९५ वर्षं झाली. ही वाढ आधीच लिहून झालेल्या कामांनाही लागू होती. आता मेलेल्या लेखकाला जास्त लिहायला प्रोत्साहन कसं देणार, हा साधा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००३ मध्ये न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की मुदत किती असावी हे संसदेने ठरवायचं, ती मर्यादित असली म्हणजे झालं. परिणामी अमेरिकेत १ जानेवारी २०१९ पर्यंत वीस वर्षं मुदत संपून एकही जुनं प्रकाशित काम मोकळं, म्हणजे सगळ्यांना वापरायला खुलं, झालं नाही. मिकी माउसचं १९२८ मधलं पहिलं रूप मोकळं व्हायला २०२४ उजाडलं.

कॅनडाचं उदाहरण जास्त बोलकं आहे. तिथे ५० वर्षांचा नियम होता, म्हणजे १९७२ मध्ये गेलेल्या लेखकांची कामं १ जानेवारी २०२३ ला मोकळी व्हायची होती. अमेरिका आणि मेक्सिकोबरोबरच्या व्यापार करारातली अट पाळण्यासाठी ७० वर्षांचा नियम ३० डिसेंबर २०२२ ला लागू झाला. दोन दिवस! त्या दोन दिवसांनी एका अख्ख्या पिढीची कामं वीस वर्षं पुढे ढकलली. जपाननेही २०१८ च्या अखेरीस अशाच व्यापार कराराच्या ओघात ५० चे ७० केले. भारतात कारण वेगळं होतं. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनाची मुदत १९९१ च्या अखेरीस संपत होती. ती संपता संपता ५० ची ६० झाली, आणि टागोरांसाठी केलेला बदल सगळ्यांनाच लागू झाला.

असं का होतं याचं कोडं फार अवघड नाही. मुदत वाढली की फायदा मोजक्या हक्कदारांना होतो आणि तो त्यांना रुपयाआण्यापर्यंत मोजता येतो. तोटा लाखो वाचकांत, संपादकांत, छोट्या प्रकाशकांत थोडा थोडा वाटला जातो, त्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. आणि एकदा आकडा आंतरराष्ट्रीय करारात शिरला की तो जमिनीत पुरलेला खांब होतो. बर्न कराराची किमान मर्यादा आयुष्य अधिक ५० आहे. त्याखाली जायचं तर करारातूनच बाहेर पडावं लागेल.

म्हणजे एका देशात मोकळं झालेलं पुस्तक दुसरीकडेही मोकळं असतं का?

नाही. युरोपीय लेखक जाऊन ६५ वर्षं झाली असतील तर भारतात पुस्तक मोकळं, युरोपीय संघात अजून पाच वर्षं बंद. संकेतस्थळावर टाकताना हे आधी बघा. भाषांतराचा कॉपीराइट अनुवादकाचा असतो आणि त्याची मुदत वेगळी मोजतात, हेही.

मालक सापडतच नाही अशा कामांचं काय करायचं?

याला इंग्रजीत 'अनाथ कामं' म्हणतात आणि शब्द चपखल आहे. जुना फोटो, बंद पडलेलं मासिक, बुडालेल्या स्टुडिओची चित्रफीत. मुदत चालू असते, पण परवानगी द्यायला कोणी जागेवर नसतं. नोंदणीची अट गेल्याचा हा दुष्परिणाम. हक्क आपोआप मिळतो, पण मालकाचा पत्ता कुठेच नोंदलेला नसतो.

युरोपीय संघाने २०१२ मध्ये ग्रंथालयं आणि अभिलेखागारांना मुभा दिली: मनापासून शोध घ्या, त्याची नोंद ठेवा, मग वापरा. ब्रिटनने २०१४ पासून सरकारी परवान्याची सोय केली. कागदावर दोन्ही ठीक. पण 'मनापासून शोध' हा एकेका कामासाठी घ्यायचा असतो, आणि लाखभर कामांच्या संग्रहाला ते कुठून परवडणार? ओझं संग्रहालयाच्याच डोक्यावर राहिलं, फक्त त्याला नाव मिळालं.

परवानगीशिवाय किती वापर चालतो? 'फेअर यूज' आणि 'फेअर डीलिंग' एकच का?

दोन वेगळ्या घराण्यांचे नियम आहेत. अमेरिकेतला फेअर यूज हा उघडा दरवाजा आहे. वापराचा हेतू, मूळ कामाचं स्वरूप, किती घेतलं आणि बाजारावर काय परिणाम झाला, या चार गोष्टी न्यायालय तोलतं. फेअर डीलिंग ही यादी आहे. संशोधन, समीक्षा, वार्तांकन वगैरे जे यादीत बसतं ते चालतं, बाकी नाही. ब्रिटनच्या परंपरेतले बहुतेक देश यादीवाले आहेत आणि भारतही त्यातच.

यादीचा फायदा असा की आपण कुठे उभे आहोत हे कळतं. तोटा असा की उद्या येणारी यंत्रं यादीत नसतात. दरवाजाचा तोटा असा की आत पाय टाकल्यावरच कळतं चालत होतं की नाही, आणि ते कळायला वकिलाची फी लागते. गुगलने ग्रंथालयातली पुस्तकं स्कॅन करून शोधण्यासाठी खुली केली. २००५ मध्ये खटला झाला आणि फेअर यूजचा निर्णय अपिलात कायम व्हायला २०१५ आलं. गुगल दहा वर्षं थांबू शकते, छोटी संस्था पहिल्याच नोटिशीला शटर ओढते.

'इंटरनेटवर सापडलं म्हणजे घ्यायला हरकत नाही' आणि 'श्रेय दिलं म्हणजे झालं' ही दोन वाक्यं दोन्ही घराण्यांत चुकीची आहेत.

खरोखर चांगली म्हणावी अशी एखादी सुधारणा आहे का?

आहे. माराकेश करार, २०१३. दृष्टिहीन वाचकांसाठी ब्रेल, ऑडिओ किंवा मोठ्या अक्षरांतली प्रत करायला पूर्वी बहुतेक ठिकाणी प्रकाशकाची परवानगी लागायची. परवानगी मिळाली तरी ती प्रत सीमेपलीकडे पाठवता येत नसे, त्यामुळे एकाच भाषेतलं एकच पुस्तक दोन देशांतल्या दोन संस्था पुन्हा पुन्हा तयार करत बसायच्या. कराराने दोन्ही गाठी सोडवल्या. मान्यता देणारा भारत पहिला देश होता, २०१४ मध्ये, आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून करार अमलात आहे.

जागतिक पातळीवर कॉपीराइटच्या करारांनी तोवर फक्त मालकांचे हक्क वाढवले होते. केवळ वापरणाऱ्यांसाठी केलेला हा पहिला करार. आणि त्यात विचारायचं ओझं कुठे गेलं पाहा: वाचकाला आता विचारावंच लागत नाही.

माझा व्हिडिओ तक्रार येताच काढून टाकला. असा कायदा आहे का?

अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कायद्याची ही देणगी. मंचाने, म्हणजे तुमचा व्हिडिओ दाखवणाऱ्या संकेतस्थळाने, तक्रार येताच मजकूर काढला तर मंचावर जबाबदारी नाही, असा त्याचा सौदा आहे. त्यामुळे मंच आधी काढतो आणि मग विचार करतो. तुम्ही उलट नोटीस देऊ शकता, पण तोवर व्हिडिओ बघायची लोकांची वेळ निघून गेलेली असते.

कॅनडाने २०१५ पासून वेगळी वाट धरली. तिथे सेवा पुरवणाऱ्याने तक्रार फक्त ग्राहकाकडे पोचवायची, काढायची सक्ती नाही. भांडण असेल तर न्यायालयात जा. मला हे जास्त सभ्य वाटतं.

युरोपने २०१९ मध्ये उलट टोक गाठलं. त्या वर्षीच्या निर्देशाच्या (सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायच्या नियमाच्या) कलम १७ नुसार मोठ्या मंचांनी परवाना मिळवायचा प्रयत्न करायचा, आणि न मिळाल्यास हक्कदाराने कळवलेली कामं वर चढूच नयेत यासाठी झटायचं. याचा व्यवहारातला अर्थ मजकूर आपोआप तपासून अडवणारी गाळणी. गाळणीला विडंबन आणि चोरी यांतला फरक कळत नाही, म्हणून पोलंड न्यायालयात गेलं. २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने कलम कायम ठेवलं, मात्र कायदेशीर मजकूर आपोआप अडवणारी गाळणी चालणार नाही असंही बजावलं. कायदेशीर मजकूर न अडवणारी गाळणी कोणी बांधून दाखवली तर मला कळवा.

विकत घेतलेलं यंत्र दुरुस्त करायला कॉपीराइट आडवा येतो, हे खरं?

खरं. यंत्रात सॉफ्टवेअर असतं, सॉफ्टवेअरला कुलूप असतं, आणि १९९८ च्याच अमेरिकी कायद्याने कुलूप तोडणं हाच स्वतंत्र गुन्हा ठरवला. चित्रपटांची चोरी रोखायला केलेला नियम ट्रॅक्टरपर्यंत पोचला. तिथे दर तीन वर्षांनी लोकांनी अर्ज करून सवलत मागायची असते. २०१५ मध्ये गाड्या आणि ट्रॅक्टर सुटले. २०२४ मध्ये आइसक्रीम काढणारी व्यावसायिक यंत्रं सुटली. सवलत फक्त कुलूप उघडण्याला आहे, उघडायचं साधन विकण्याला नाही. म्हणजे किल्ली वापरा, पण ती प्रत्येकाने आपापली घडवा.

एआयला शिकवण्यासाठी पुस्तकं, गाणी, चित्रं वापरायला परवानगी लागते का?

सध्या सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर तुम्ही कुठे आहात त्यावर आहे.

जपानने २०१८ मध्येच कायदा बदलला. कामातल्या भावना किंवा विचार यांचा आस्वाद घेणं हा हेतू नसेल, नुसतं माहितीचं विश्लेषण असेल, तर परवानगी नको. मालकाच्या हिताला गैरवाजवी धक्का लागला तर मात्र ही सूट लागू नाही. सिंगापूरने २०२१ मध्ये तसाच अपवाद केला आणि करारातल्या अटीने तो बुजवता येणार नाही असंही लिहून टाकलं.

युरोपच्या २०१९ च्या निर्देशात दोन पायऱ्या आहेत. संशोधन संस्थांना मोकळीक. बाकीच्यांनाही मोकळीक, पण मालकाने यंत्राला वाचता येईल अशा रीतीने 'नको' म्हटलं असेल तर नाही. शेकडो वर्षांचा नियम इथे उलटा झाला. पूर्वी गप्प राहणं म्हणजे नकार होता, इथे गप्प राहणं म्हणजे होकार. एकट्या चित्रकाराने आपलं 'नको' कुठे आणि कसं लिहायचं, याची धड सोय अजून कुठे दिसत नाही. मालकाला ओझं दिलं, पाटी दिली नाही.

अमेरिकेत कायदा तोच राहिला, भांडण फेअर यूजवर चाललंय. जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात काही दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. एआय बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीशांनी म्हटलं की विकत घेतलेल्या पुस्तकांवर प्रारूप (मॉडेल) शिकवणं फेअर यूज आहे, पण चोरट्या संग्रहांतून पुस्तकं उतरवून साठवणं नाही. त्या साठवणीच्या मुद्द्यावर पुढे दीड अब्ज डॉलरची तडजोड ठरली. मेटाविरुद्धच्या खटल्यात मेटा जिंकली, पण तिथल्या न्यायाधीशांनी स्पष्ट केलं की लेखकांनी बाजाराचं नुकसान नीट दाखवलं नाही म्हणून हा निकाल, बऱ्याच प्रकरणांत उत्तर उलटं येऊ शकेल. दोन्ही निकाल हातात घेऊन दोन्ही बाजूंनी विजय साजरा केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध म्हटलं की गाण्याचे शब्द प्रारूपात पाठ झालेले असतील आणि तसेच बाहेर येत असतील तर ती प्रतच.

भारतात नोव्हेंबर २०२४ मध्ये एका वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग खात्याच्या समितीने तिसराच मार्ग सुचवला: मालकाला नकार द्यायचा हक्क नाही, पण वापराबद्दल ठरलेली रॉयल्टी मिळेल. कोणी कोणाला विचारायचंच नाही, पैसे मात्र द्यायचे. रेडिओवर गाणी वाजवण्याच्या परवान्यांत ही कल्पना जुनीच आहे. गाणं किती वेळा वाजलं हे मोजता येतं. एका वाक्याचा प्रारूपात किती वाटा, हे कसं मोजणार? माझ्या मते ही योजना टिकते की कोसळते ते या हिशेबावर ठरेल.

एआयने काढलेलं चित्र किंवा लावलेला शोध कोणाचा?

शोधाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. 'डॅबस' नावाच्या एआय यंत्रणेला शोधक म्हणून दाखवणारे पेटंट अर्ज अनेक देशांत गेले. अमेरिका, युरोप, ब्रिटन, सगळीकडून नकार. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं की शोधक माणूसच हवा. ऑस्ट्रेलियात एका न्यायाधीशांनी होकार दिला होता, २०२२ मध्ये अपिलात तो उलटला. दक्षिण आफ्रिकेत २०२१ मध्ये पेटंट मिळालं खरं, पण तिथे अर्जाच्या आशयाची तपासणी होत नाही, फक्त कागद पाहतात. त्यामुळे या विजयाचा डंका फार पिटण्यात अर्थ नाही.

चित्रांच्या बाबतीत अमेरिकेच्या अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तेच तत्त्व लावलं: लेखक माणूस हवा. तिथल्या कॉपीराइट कार्यालयाच्या मते फक्त सूचना टाइप करणं पुरत नाही. माणसाने निवड, मांडणी, फेरफार केले असतील तर तेवढ्या भागाला हक्क मिळतो. ब्रिटनच्या कायद्यात मात्र १९८८ पासून एक चमत्कारिक कलम आहे. संगणकनिर्मित कामाचा लेखक म्हणजे ज्याने त्यासाठीची व्यवस्था केली तो, मुदत ५० वर्षं. भारतीय कायद्यातही 'जो निर्मिती घडवून आणतो तो' अशा धर्तीची व्याख्या आहे. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तेव्हा आजची यंत्रं नव्हती, हे उघड आहे.

सॉफ्टवेअरला पेटंट मिळतं का?

नुसत्या आज्ञावलीला बहुतेक ठिकाणी नाही, पण 'नुसत्या' या शब्दावर वकिलांची घरं चालतात. भारताच्या पेटंट कायद्याच्या कलम ३ (के) मध्ये संगणक प्रोग्रॅम 'पर सी', म्हणजे नुसते प्रोग्रॅम म्हणून, वगळले आहेत. त्या दोन शब्दांच्या शेपटावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. युरोपात पेटंट सोपं करणारा निर्देश संसदेने ६ जुलै २००५ ला ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. मजा म्हणजे सॉफ्टवेअर पेटंटच्या विरोधकांनी तर तो पाडलाच, पण मसुद्यात नको ते बदल होतील या भीतीने समर्थकांनीही त्याला शेवटी पाडूच दिलं. अमेरिकेत १९९० च्या दशकात दारं सताड उघडी होती. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की अमूर्त कल्पनेला 'हे संगणकावर करा' एवढं जोडल्याने ती शोध होत नाही. त्यानंतर शेकडो पेटंटं पडली.

पेटंट ट्रोल म्हणजे काय, आणि त्यांचा बंदोबस्त झाला का?

स्वतः काही न बनवता पेटंटं विकत घ्यायची आणि बनवणाऱ्यांना नोटिसा पाठवायच्या, हा धंदा. लढण्याचा खर्च तडजोडीपेक्षा जास्त असला की लोक पैसे देऊन मोकळे होतात. ब्लॅकबेरी बनवणाऱ्या कंपनीने २००६ मध्ये सेवा बंद पडण्याच्या भीतीने ६१ कोटी २५ लाख डॉलर मोजले.

त्याच वर्षी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ईबेच्या खटल्यात ठरवलं की उल्लंघन सिद्ध झालं म्हणून मनाई हुकूम आपोआप मिळणार नाही. धमकीतली हवा तिथे गेली. २०११ च्या पेटंट सुधारणा कायद्याने न्यायालयात न जाता पेटंट कार्यालयातच दिलेल्या पेटंटला आव्हान द्यायचा स्वस्त मार्ग उघडला. २०१७ मध्ये आणखी एका निकालाने टेक्ससच्या एका सोयीच्या जिल्ह्यात सगळे दावे नेण्याची चाल रोखली. ट्रोल संपले का? नाही. २०२५ पासून अमेरिकी पेटंट कार्यालय त्या आव्हानाच्या मार्गाचं दार पुन्हा अरुंद करतंय. छोट्या उत्पादकाने तिकडे लक्ष ठेवावं.

आधी शोध लावणाऱ्याला पेटंट की आधी अर्ज करणाऱ्याला?

आधी अर्ज करणाऱ्याला. वेगळा नियम धरून बसलेली अमेरिकाही १६ मार्च २०१३ पासून इकडे आली. त्यामुळे अर्ज टाकण्याआधी प्रदर्शनात, भाषणात किंवा समाजमाध्यमावर शोध दाखवू नका. काही देश वर्षभराची सवलत देतात, युरोप जवळपास काहीच देत नाही.

औषधांच्या बाबतीत कायदा काय म्हणतो?

इथे शब्द आणि जीव यांच्यात अंतर उरत नाही, म्हणून जरा सविस्तर.

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेबरोबर बौद्धिक संपदेच्या हक्कांचा ट्रिप्स करार आला. औषधांवर उत्पादन-पेटंट द्यायला जवळपास सगळ्या सदस्यांना भाग पाडणारा हाच. त्याआधी अनेक देश ते देत नव्हते. भारतात १९७० च्या कायद्यानुसार औषध बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळे, औषधावर नाही. वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवायला मोकळीक होती, आणि त्यावरच तिथला औषध उद्योग उभा राहिला. २००५ पासून हे बदलावं लागलं.

बदलताना एक कलम घातलं गेलं, ३ (डी). माहीत असलेल्या रेणूचं नवं रूप आणलं तर त्याचा गुण लक्षणीय वाढला आहे हे अर्जदाराने दाखवायचं, नाहीतर पेटंट नाही. जुन्या औषधाचा क्षार बदलायचा, स्फटिक बदलायचा आणि आणखी वीस वर्षं मिळवायची, या खेळाला 'एव्हरग्रीनिंग' म्हणतात. त्याला हा अडसर. नोव्हार्टिसने रक्ताच्या कर्करोगावरच्या इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपासाठी अर्ज केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ ला तो नाकारला आणि गुण म्हणजे रोग बरा करण्याचा गुण, पावडर अधिक सहज वाहते हा नव्हे, असा अर्थ लावला. शोध लावणाऱ्या कंपन्या म्हणतात की छोट्या छोट्या सुधारणांनाही पैसा लागतो. खरं आहे. पण त्या सुधारणेने रोग्याला काय मिळालं हे सांगायची जबाबदारी पेटंट मागणाऱ्याची असावी, यात अन्याय काय ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

दुसरं हत्यार सक्तीचा परवाना. पेटंट कायम राहतं, सरकार दुसऱ्याला बनवायची मुभा देतं, मालकाला रॉयल्टी मिळते. भारताने मार्च २०१२ मध्ये सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधासाठी असा परवाना दिला, ६ टक्के रॉयल्टीवर, जी पुढे ७ टक्के झाली. व्यापार संघटनेच्या २००१ च्या दोहा घोषणेने हा हक्क सगळ्या देशांना आहे हे मान्य केलं आहे. अडचण ज्यांच्याकडे कारखानाच नाही त्यांची. त्यांच्यासाठी दुसऱ्या देशात बनवून आणायची तरतूद झाली, पण तिच्यात कागदपत्रं इतकी की त्या वाटेने औषधं पोचली ती एकदाच, कॅनडातून रवांडाला, २००८ मध्ये.

कोविडच्या वेळी भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये पेटंटसारख्या हक्कांतून सरसकट सवलतीचा प्रस्ताव मांडला. निर्णय जून २०२२ मध्ये झाला, तोही फक्त लसींपुरता. तोवर तुटवडा पेटंटचा कमी आणि कारखाने, कच्चा माल, माहीतगार माणसं यांचा जास्त उरला होता.

पारंपरिक ज्ञानावर कोणी बाहेरचा पेटंट घेऊ शकतो का?

घ्यायला नको, पण दिलं गेलं आहे. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट मिळालं. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. तेव्हाचं ओझं पूर्णपणे ज्ञान असलेल्यांवर होतं: तुम्ही शोधा, तुम्ही भाषांतर करा, तुम्ही लढा. मे २०२४ मध्ये झालेल्या नव्या जागतिक कराराने ते थोडं अर्जदाराकडे सरकवलं. शोध वनस्पती, जिवाणू किंवा त्यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर आधारलेला असेल तर ते कुठून आलं हे अर्जदाराने सांगायचं. न सांगितल्याबद्दलची शिक्षा मात्र मऊच ठेवली आहे.

सगळ्या जगाला चालणारं एक पेटंट मिळतं का?

नाही. १९७० च्या पेटंट सहकार करारामुळे एका अर्जाने दारं खूप ठोठावता येतात, उघडायचं की नाही हे प्रत्येक देश ठरवतो. सगळ्यात जवळ पोचलाय युरोप. १ जून २०२३ पासून तिथे सामाईक पेटंट न्यायालय चालू आहे. एका निकालाने डझनावारी देशांत पेटंट टिकतं किंवा एका फटक्यात सगळीकडचं जातं. स्पेन बाहेर राहिला आहे.

नवा कायदा आला की जुन्या कामांचं काय होतं?

विधेयकाच्या अगदी शेवटी, सहसा कोणी वाचत नाही तिथे, याचं उत्तर असतं. कॅनडाने मुदत वाढवली तेव्हा आधीच मोकळी झालेली कामं मोकळीच ठेवली. युरोपीय संघाने १९९० च्या दशकात सगळीकडे ७० वर्षं केली तेव्हा काही मेलेले हक्क पुन्हा जिवंत झाले. अमेरिकेने १९९४ मध्ये परदेशी कामांचे हक्क परत दिले. ज्या विदेशी संगीतरचना तिथले वाद्यवृंद कित्येक वर्षं फुकट वाजवत होते, त्या एका रात्रीत बंद झाल्या. एक वाद्यवृंद संचालक आणि त्याचे सहकारी सर्वोच्च न्यायालयात गेले: सार्वजनिक मालकीत आलेली वस्तू परत कशी घेता? २०१२ मध्ये न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी सांगितलं, घेता येते. आदल्या हंगामापर्यंत ज्या नोटेशनची पानं ग्रंथालयाच्या कपाटातून काढून वाजवता येत होती, त्यांच्यासाठी आता छोट्या गावातल्या वाद्यवृंदाला आधी प्रकाशकाला पत्र लिहावं लागतं, आणि भाडं परवडलं नाही तर दुसरी रचना निवडावी लागते.